नऊ एकांचा वर्ग आणि दहाव्या एकाची अडचण

प्रश्न (लोकमान्य नगर, इंदूर)
१११११११११ या संख्येचा वर्ग १२३४५६७८९८७६५४३२१ येतो आणि तो दोन्ही बाजूंनी सारखाच वाचता येतो, हे शिकवणीतील नववीच्या मुलांना दाखवले, तेव्हा त्यांनी दोन शंका विचारल्या. दहा एक घेतल्यावर ही रचना का मोडते? आणि अंकांची बेरीज ८१ आहे, एवढ्यावरून या संख्येला ८१ ने निःशेष भाग जातो असे म्हणता येईल का?

उत्तर (रामबाग, इंदूर)
मुलांना हा गुणाकार कॅल्क्युलेटरवर न करता उभ्या मांडणीने करायला लावावा. नऊ ओळींत तीच संख्या प्रत्येक वेळी एक घर डावीकडे सरकते. त्यामुळे उजवीकडून पहिल्या स्तंभात एक, दुसऱ्यात दोन, असे वाढत मधल्या स्तंभात नऊ एक जमतात आणि पुढे ते त्याच क्रमाने कमी होतात. कुठेही हातचा येत नाही, हेच या सौंदर्याचे खरे कारण आहे. दहा एक घेतले की मधल्या स्तंभाची बेरीज दहा होते, तिथे शून्य राहून हातचा एक शेजारच्या नवात मिळतो, तिथेही पुन्हा शून्य येते, आणि त्यापुढच्या आठाचा नऊ होऊन उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१ असे येते.

उत्तर (ग्वाल्हेर)
दुसऱ्या शंकेचे उत्तर नकारार्थी आहे. बेरजेची कसोटी ३ आणि ९ यांपुरतीच खरी. १८९९ च्या अंकांची बेरीज २७ असूनही तिला २७ ने भागल्यास ९ बाकी उरते. आपल्या संख्येला ८१ ने भाग जातो, पण त्याचे कारण वेगळे आहे: नऊ एकांची संख्या म्हणजे १११ गुणिले १००१००१, आणि या दोहोंना ३ ने भाग जाऊन अनुक्रमे ३७ व ३३३६६७ या मूळ संख्या उरतात. म्हणून वर्गाचे अवयव ३ चा चौथा घात (म्हणजेच ८१), ३७ चा वर्ग आणि ३३३६६७ चा वर्ग असे पडतात, आणि प्रत्येक घातांकात एक मिळवून गुणाकार केल्यास एकूण विभाजक ५ × ३ × ३ म्हणजे ४५ होतात.

उत्तर (इंदूर)
देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर, ज्यांचा ६१७४ (चार अंकी संख्येचे अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून वारंवार वजाबाकी केल्यावर शेवटी येणारा स्थिरांक) सर्वांना ठाऊक आहे, त्यांनी अशा संख्यांना डेम्लो संख्या म्हटले होते. मुलांना आणखी एक काम देता येईल: पाया आठ घेऊन, म्हणजे ० ते ७ हेच अंक वापरून आणि आठ झाले की हातचा धरून, हीच मांडणी करावी, तिथे ती सात एकांपर्यंतच टिकते.