सामान्य वाचकांसाठीचे इतिहासग्रंथ : पुरावा कुठे संपतो आणि कल्पना कुठे सुरू होते, हे कसे ओळखावे?

उंबरठा

नमस्कार. गेली दोन-तीन वर्षे मी सामान्य वाचकांसाठी लिहिलेली इतिहासाची पुस्तके नियमाने वाचत आहे. इतिहास हा माझ्या शिक्षणाचा विषय नव्हता. माझे सारे आयुष्य हिशेब तपासण्यात गेले, त्यामुळे नोंद दिसली की तिची पावती शोधण्याची सवय हाडीमासी खिळली आहे. ही सवय पुस्तके वाचताना मला स्वस्थ बसू देत नाही, म्हणून हा प्रश्न.

अलीकडे फ्रेंच राज्यक्रांतीवरची दोन पुस्तके लागोपाठ वाचली. पहिल्या पुस्तकात १४ जुलै १७८९ रोजी बास्तीलचा किल्ला पडला तो प्रसंग म्हणजे जुलमी राजसत्तेच्या तुरुंगावर जनतेने घातलेला घाला, अशा रंगात उभा केला आहे. दुसरे पुस्तक सांगते की त्या दिवशी आत अवघे सात कैदी होते: चौघे खोट्या हुंड्या करणारे, दोघे वेडे आणि एक घरच्यांच्याच सांगण्यावरून डांबलेला सरदार, आणि एवढ्यावरून ते सारा प्रसंग जवळजवळ पोकळ ठरवून मोकळे होते. दोन्ही लेखकांची भाषा ओघवती आहे आणि दोघेही आपापल्या जागी ठाम आहेत.

मला अधिक खटकले ते निराळेच. पहिल्या पुस्तकात किल्लेदार द लोने याच्या मनात त्या सकाळी कोणकोणते विचार येत होते, याचे दीड पानभर वर्णन आहे. हा किल्लेदार त्याच दिवशी जमावाच्या हातून मारला गेला, म्हणजे पुढे त्याने आठवणी लिहून ठेवल्या असण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. मग लेखकाला हे कळले कुठून? माझ्यासारखा वाचक फ्रान्सच्या दप्तरखान्यात जाऊन मूळ कागद चाळू शकत नाही, आणि चाळले तरी ते त्याला वाचता येणार नाहीत. अशा वाचकाने भरवसा ठेवावा तो कशाच्या आधारावर?

तळटीप

आपण बास्तीलचे उदाहरण दिलेत ते बरे झाले, कारण त्यात दोन निरनिराळे प्रश्न एकमेकांत मिसळले आहेत आणि ते आधी वेगळे करायला हवेत.

पहिला प्रश्न निवडीचा. आपल्या दोन्ही पुस्तकांत तपशिलाचा विरोध मला दिसत नाही. कैदी सात होते हे खरे, आणि बास्तील हे नाव जुलमाचे प्रतीक बनले होते हेही खरे. दोन्ही लेखकांनी तो प्रसंग कैद्यांभोवती फिरवला, एवढाच दोघांचा समान दोष. त्या सकाळी जमावाने पॅरिसमधल्या इन्व्हालिद या लष्करी इमारतीतून हजारो बंदुका मिळवल्या होत्या, पण त्यांत भरायला दारू नव्हती. आणि दारूची सुमारे अडीचशे पिंपे थोड्याच दिवसांपूर्वी सुरक्षिततेसाठी बास्तीलमध्ये हलवण्यात आली होती. ही एक गोष्ट मधे ठेवली की कैद्यांची संख्या गौण ठरते, आणि दोन्ही पुस्तकांतला झगडाही बराचसा विरतो. एकाच घटनेवरची दोन पुस्तके परस्परविरोधी वाटली, तर कोण खोटे बोलतो आहे याआधी, दोघांनीही काय गाळले आहे हे विचारावे.

दुसरा प्रश्न किल्लेदाराच्या मनाचा, आणि तो फार जुना आहे. प्राचीन ग्रीक इतिहासकार थ्युसिडिडीजने पेलोपोनेशियन युद्धाच्या इतिहासात लांबलचक भाषणे घातली, पण सुरुवातीलाच सांगून टाकले की शब्दन् शब्द लक्षात ठेवणे त्याला आणि इतरांनाही अवघड होते, म्हणून बोलले गेले त्याच्या आशयाला शक्य तेवढे धरून, त्या प्रसंगी जे बोलणे योग्य वाटले ते त्याने वक्त्यांच्या तोंडी घातले आहे. रचना केली, पण वाचकाला कळवून केली. याच्या दुसऱ्या टोकाला बार्बरा टकमन यांचे ‘द गन्स ऑफ ऑगस्ट’ (१९६२) आहे. पहिल्या महायुद्धाच्या आरंभीच्या महिन्यावरचे हे पुस्तक कादंबरीसारखे वाचले जाते, तरी लेखिकेने बजावून ठेवले आहे की ‘त्याला असे वाटले असले पाहिजे’ या थाटाचे लेखन तिने टाळले आहे, आणि हवामान असो वा मनःस्थिती, प्रत्येक वर्णनाला कागदोपत्री आधार आहे. मला हीच कसोटी योग्य वाटते. रंजकता आणि प्रामाणिकपणा यांत वैर नाही, हे तिने करून दाखवले.

व्यवहारात मी असे करतो की पुस्तक हाती आल्यावर आधी शेवटची पाने उघडतो. आजकाल मजकुरात आकडे न घालता, पान क्रमांक आणि वाक्याचे पहिले दोन-चार शब्द देऊन सगळी टिपणे शेवटी लावण्याची पद्धत रूढ आहे, त्यामुळे पुष्कळ वाचकांना टिपणे आहेत हेच कळत नाही. एखादे वर्णन फारच जिवंत वाटले की त्याची टीप तिथे शोधायची. समकालीन पत्र, रोजनिशी, खटल्याचे कागद किंवा साक्ष यांचा उल्लेख असेल तर ठीक. काहीच नसेल तर ती कल्पना समजावी, आणि टीप दुसऱ्या एखाद्या लोकप्रिय पुस्तकाकडे बोट दाखवत असेल तर ती टीप नसल्यातच जमा आहे.

दुसरी खूण क्रियापदांची. ‘तो गेला’, ‘तो गेला असावा’, ‘तो गेला असेल’, ‘तो गेला म्हणतात’ या चार वाक्यांत खात्रीच्या चार पायऱ्या आहेत, आणि चांगला लेखक त्या जपून वापरतो. पहिल्या प्रकरणात ‘असावा’ असलेला माणूस तिसऱ्या प्रकरणात निमूटपणे ‘होता’ झाला, तर तिथे पेन्सिलीची खूण करून ठेवावी. अनुवादित पुस्तकांत मात्र जरा सबुरीने घ्यावे, कारण ‘असावा’ खाऊन टाकण्याचे पाप पुष्कळदा मूळ लेखकाचे नसून अनुवादकाचे असते.

टाचण

‘तळटीप’ यांचे टिपणांविषयीचे म्हणणे मान्य आहे. ‘असले पाहिजे’ या शब्दांना त्यांनी सरसकट हद्दपार केले आहे, तिथे मात्र माझा विरोध आहे.

टकमन यांची कसोटी काटेकोरपणे लावली तर इतिहासात उरतील कोण? ज्यांनी पत्रे लिहिली, रोजनिशा ठेवल्या, आठवणी छापल्या ते, म्हणजे सेनापती, मंत्री आणि राजदूत. ज्यांना अक्षरओळख नव्हती अशा कोट्यवधी माणसांच्या मनाविषयी इतिहासकाराने काही बोलूच नये, असा त्याचा अर्थ होतो. नॅटली झेमन डेव्हिस यांचे ‘द रिटर्न ऑफ मार्टिन गेर’ (१९८३) इथे पाहण्यासारखे आहे. सोळाव्या शतकात फ्रान्सच्या आर्तिगा गावातला मार्टिन हा शेतकरी घर सोडून निघून गेला. काही वर्षांनी आर्नो द्यु तील नावाचा माणूस मीच मार्टिन असे सांगत आला आणि त्याच्या बायकोबरोबर, बेर्त्रांदबरोबर, तीनेक वर्षे नांदला. प्रकरण न्यायालयात गेले. तुलूझच्या न्यायाधीशांचे मत तोतयाच्या बाजूने झुकू लागले असतानाच खरा मार्टिन लाकडी पायावर चालत दारात येऊन उभा राहिला, आणि १५६० मध्ये तोतयाला फाशी झाली. खटल्यातील एक न्यायाधीश, झां द कोरास, याने लगेच पुढच्याच वर्षी हकिकत छापली, म्हणून एवढे तरी कळते.

आता खरा प्रश्न: बेर्त्रांदने त्या माणसाला ओळखले नव्हते, की ओळखूनही नवरा म्हणून पत्करले? तिने स्वतः लिहिलेली एक ओळही नाही. डेव्हिस यांनी त्या काळच्या शेतकरी बायकांचे जगणे, वारशाचे कायदे, चालीरीती आणि गावातले हितसंबंध यांचा आधार घेऊन असे मांडले की तिने जाणूनबुजून साथ दिली असावी. या पुस्तकात ‘कदाचित’ आणि ‘असेल’ पानोपानी येतात, आणि आपल्या कथनाचा काही भाग रचलेला आहे हे लेखिकेने आरंभीच कबूल केले आहे. १९८८ मध्ये रॉबर्ट फिनले यांनी ‘अमेरिकन हिस्टॉरिकल रिव्ह्यू’मध्ये यावर कडक टीका केली: पुरावा बेर्त्रांद फसवली गेली असेच सांगतो, साथीदार बेर्त्रांद ही लेखिकेची निर्मिती आहे. डेव्हिस यांनी त्याच अंकात उत्तर दिले. दोन्ही लेख वाचल्यावर मला फिनले यांचे काही मुद्दे पटले, आणि तरीही पुस्तक मोलाचेच वाटले, कारण हा वाद होऊ शकला तो लेखिकेने आपला अंदाज अंदाज म्हणून उघड्यावर मांडला होता म्हणूनच. आपल्या किल्लेदाराच्या दीड पानाचा दोष कल्पना केली हा नाही. ती पुराव्याच्या वेषात आणून बसवली, हा आहे.

कधी कधी नशीबही साथ देते. कार्लो गिन्झबर्ग यांच्या ‘द चीज अँड द वर्म्स’ (१९७६) या पुस्तकातला मेनोकियो हा इटलीतल्या फ्रिऊली भागातला पिठाची चक्की चालवणारा साधा माणूस. दुधातून चीज बनते आणि त्यात किडे होतात, तसे मूळच्या गोंधळातून जग झाले आणि देवदूत त्या किड्यांसारखे उपजले, असे त्याचे मत होते. हे त्याचे बोलणे आपल्यापर्यंत पोचले, कारण धर्मन्यायालयाच्या लेखनिकाने ते उतरवून घेतले. म्हणजे ज्यांनी त्याला संपवले त्यांच्याच दप्तरात तो टिकला. लहान माणसांचा इतिहास बहुधा असा, त्यांच्यावर खटला भरला गेला तेव्हाच, हाती लागतो.

आणखी एक, ‘उंबरठा’ यांना त्यांच्या व्यवसायामुळे चटकन पटेल असे. सगळ्या पावत्या खऱ्या असूनही ताळेबंद दिशाभूल करू शकतो. टकमन यांच्या पुस्तकात वाक्यागणिक आधार आहे. पण ऑस्ट्रिया-हंगेरी आणि सर्बिया यांची आघाडी त्यांनी विषयाबाहेर ठेवली आहे. त्यांनी तसे स्पष्ट सांगितले आहे, तरी महायुद्धाविषयी हे एकच पुस्तक वाचणाऱ्याच्या मनात साराएव्होत ऑस्ट्रियाच्या युवराजावर झाडलेल्या गोळीनंतर बाल्कन प्रदेश जणू नाहीसाच होतो.

कोरा कागद

वरच्या दोन्ही प्रतिसादांत लेखकाचा विचार झाला. मला पुस्तकाच्या वयाविषयी सांगायचे आहे.

मध्ययुगातील लोक पृथ्वी सपाट मानत आणि कोलंबसाला त्यासाठी विद्वानांशी झुंजावे लागले, ही समजूत अजून ऐकू येते. ती घट्ट रुजवण्यात वॉशिंग्टन अर्विंग यांनी १८२८ मध्ये लिहिलेल्या कोलंबसाच्या लोकप्रिय चरित्राचा मोठा वाटा आहे. प्रत्यक्षात इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातच एराटोस्थेनिस या ग्रीक विद्वानाने पृथ्वीचा परीघ काढला होता, आणि तेराव्या शतकापासून युरोपच्या विद्यापीठांत शिकवल्या जाणाऱ्या साक्रोबोस्कोच्या पाठ्यपुस्तकाचे नावच गोलाविषयी होते. विद्वानांचा खरा आक्षेप अंतराला होता. कॅनरी बेटांपासून जपान सुमारे ४,४०० किलोमीटरवर असेल असा कोलंबसाचा हिशेब होता. खरे अंतर त्याच्या चौपटीहून अधिक, सुमारे १९,६०० किलोमीटर आहे. म्हणजे वादात विद्वान बरोबर होते आणि नायक चूक होता! अशी गोष्ट कोणाला रंगवायला आवडेल?

अलीकडचे उदाहरण रापा नुईचे, म्हणजे ईस्टर बेटाचे. जॅरेड डायमंड यांच्या ‘कोलॅप्स’ (२००५) या पुस्तकामुळे, बेटावरच्या लोकांनी झाडे तोडून स्वतःचा ऱ्हास ओढवून घेतला आणि युरोपीय लोक पोचण्याआधीच लोकसंख्या कोसळली, ही कथा जगभर गेली. अभ्यासकांत त्यावर पुढे बराच वाद झाला, आणि २०२४ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात बेटावरच्या १५ जुन्या रहिवाशांच्या जनुकीय पुराव्यात सतराव्या शतकातल्या अशा कोसळण्याची खूण आढळली नाही; उलट १८६० च्या दशकापर्यंत लोकसंख्या वाढत असल्याचे दिसले. त्या दशकात पेरूहून आलेल्या गुलाम पकडणाऱ्यांनी आणि त्यांच्यामागून आलेल्या रोगांनी मात्र बेट खरोखरच उजाड केले. पुस्तक तेच राहिले, पुरावा पुढे गेला. म्हणून विकत घेताना पहिल्या आवृत्तीचे साल पाहावे. ‘नवी आवृत्ती’ या शब्दांखाली कित्येकदा फक्त मुखपृष्ठच नवे असते.

हजारो वर्षे चारशे पानांत बसवणाऱ्या पुस्तकांचा मी शत्रू नाही, पण त्यांतले आपल्याला थोडे ठाऊक असलेले एक प्रकरण आधी वाचावे. ते कच्चे निघाले, तर उरलेल्या प्रकरणांवर किती विसंबायचे ते आपोआप कळते.

उंबरठा

सर्वांचे मनापासून आभार. ‘तळटीप’ यांनी सांगितल्याप्रमाणे काल पहिल्या पुस्तकाची शेवटची पाने उघडली आणि टिपणे खरोखरच तिथे दडलेली सापडली. ती आहेत हे पुस्तक संपवूनही मला कळले नव्हते. किल्ल्याच्या शरणागतीविषयी सहा टिपा आहेत आणि त्यांतल्या चार त्या वेळी हजर असलेल्यांच्या जबान्यांच्या आहेत, हे पाहून समाधान वाटले. दारूच्या पिंपांचा उल्लेख मूळ मजकुरातही होता, पण अर्ध्या वाक्यात, म्हणून माझ्या नजरेतून सुटला असावा. किल्लेदाराच्या दीड पानाला मात्र एकच टीप आहे, आणि ती एकोणिसाव्या शतकातल्या एका लोकप्रिय इतिहासाकडे बोट दाखवते. ते पुस्तक मिळवण्याच्या खटपटीत आहे.

तळटीप

मिळाले तर अवश्य कळवा. त्याला शेवटी टिपणे असतीलच, असे मात्र धरून चालू नका.