नव्या शिक्षकाला हॉलमध्ये बसवायचं की अनुभवी शिक्षकाच्या वर्गात?

पाटीपेन्सिल
माझं म्हणणं आधीच सांगतो. नव्या शिक्षकांना तालुक्याला बोलावून पाच-पाच दिवस स्लाइड दाखवणं बंद करा. त्याऐवजी पहिली दोन वर्षं महिन्यातले चार दिवस त्यांना जवळच्या चांगल्या शिक्षकाच्या वर्गात बसू द्या.

मी लातूरकडचा, पहिली नेमणूक नंदुरबारच्या धडगाव तालुक्यात. द्विशिक्षकी शाळा. पहिली-दुसरी माझ्याकडे, दोन्ही एकाच खोलीत. पोरं घरी पावरी ही आदिवासी बोली बोलणारी, मी 'पान उघडा' म्हटलं की एकमेकांकडे बघायची. डीएडला सराव पाठ भरपूर घेतले होते, पण एका वेळी एकच इयत्ता, हातात तक्ता आणि मागच्या बाकावर निरीक्षक. दुसरीला काय काम लावून पहिलीकडे वळायचं, हे कुणी करून दाखवलंच नव्हतं. प्रशिक्षणात अध्ययन निष्पत्ती, म्हणजे कुठल्या इयत्तेत पोराला काय यायला हवं त्याच्या याद्या, वाचून दाखवल्या, आम्ही उतरवून घेतल्या.

शिकलो ते शेजारच्या पाड्यावरच्या बाईंकडून. एका शनिवारी त्यांच्या वर्गात मागे बसलो. त्या चित्र काढायच्या, पोरांना त्यांचा शब्द विचारायच्या, तो फळ्यावर लिहायच्या आणि मगच त्याखाली मराठी शब्द. तोवर दुसरीची पोरं काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे बांधत होती. माझं पुढचं सगळं वर्ष त्या एका सकाळवर निघालं.

डोंगरवाट
मी केंद्रप्रमुख होतो, म्हणजे आसपासच्या शाळांच्या एका गटावर देखरेख करायचो; आता निवृत्त आहे. गुरुजी, तुमचा अनुभव खरा, पण उपाय पटत नाही. तुम्ही चार दिवस बाहेर गेलात तर तुमचे सोबती चारही वर्ग एकटे सांभाळणार. त्या पोरांचं काय?

शिवाय प्रत्येकाला तुमच्यासारख्या बाई भेटत नाहीत. माझ्या केंद्रात छडी आणि पाठांतरावर तीस वर्षं काढलेले शिक्षकही होते. नवा माणूस त्यांच्याकडे पाठवला की तेच उचलणार. हॉलमधल्या प्रशिक्षणात निदान सगळ्यांना एकसारखं मिळतं. अपूर्णांकांचा भागाकार करता येतो पण तो तसाच का, हे न सांगता येणारे नवे शिक्षक मी पाहिलेत. हे वर्ग बघून सुटत नाही, त्याला बसून गणितच शिकावं लागतं.

नदीकाठ
मी बीएडला शिकवते. दोघंही फार उशिराचं बोलताय. २०१५ पासून बीएड दोन वर्षांचं झालं ते मुख्यतः शाळेतल्या अनुभवासाठी. किमान वीस आठवडे छात्राध्यापकाने शाळेत राहायचं. प्रत्यक्षात आमच्या मुली जातात तेव्हा मुख्याध्यापक त्यांना रजेवरच्या शिक्षकांच्या तासावर पाठवतात. पाठ बघायला आणि त्यावर बोलायला शाळेतलं कुणी नसतं. हे वीस आठवडे नीट वापरले तर नोकरीनंतरचा निम्मा खटाटोप वाचेल.

पाटीपेन्सिल
@डोंगरवाट, चार दिवसांचा हट्ट सोडतो. पण केंद्राची शिक्षण परिषद महिन्यातून एक दिवस होतेच ना? त्यात परिपत्रकं वाचण्याऐवजी यजमान शाळेच्या पोरांसोबत एक खरा पाठ व्हावा, सगळ्यांनी बघावा, दुपारी त्यावर बोलावं. अपूर्णांकही तिथेच घ्या, पोरांनी केलेल्या चुका समोर ठेवून. नव्या शैक्षणिक धोरणात शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास शिकावं असं म्हटलंय. पाच तासांच्या दहा परिषदा झाल्या की तेवढे भरतात.

@नदीकाठ, मान्य. पण डीएड-बीएडला असताना मला कुठे ठाऊक होतं की पावरी बोलणारी पोरं मिळतील?

पहिलीची बाई
मी सध्या शिक्षणसेवक आहे. सोळा हजार मानधन, नियमित व्हायला तीन वर्षं. कुणी वर्गात येऊन बसलं की माझा आवाजच बदलतो, कारण शेवटी लॉगबुकात शेरा पडतो. माझ्या वर्गात सात पोरांना अजून अक्षरं जुळवता येत नाहीत. हे मी इथे लिहू शकते, भेटीला आलेल्या साहेबांसमोर नाही. वर्ग बघणाऱ्याच्या हातात माझ्या नोकरीचा कागद नको. एवढं होणार असेल तर मी माझा वर्ग पहिला दाखवायला तयार आहे. @डोंगरवाट, तुम्ही पदावर असता तर शेरा लिहायचा थांबवला असता का?

डोंगरवाट
ताई, थांबवला असता. तसं तोंडी काही जणांना सांगितलंही होतं. पण वरून भेटीचा अहवाल मागितला की तो रकाना रिकामा ठेवता येत नाही. आधी तो रकाना काढायला हवा.