टीआयच्या फायनलमध्ये अपर ब्रॅकेटवाल्यांना एक गेम आगाऊ द्यायला हवा

विश्रामबागकर, सांगली

डोटा 2 या पाच विरुद्ध पाच खेळाडूंच्या कॉम्प्युटर गेमची जागतिक स्पर्धा 'द इंटरनॅशनल', म्हणजे आपली टीआय, मी 2014 पासून पाहतोय. तिची एक गोष्ट मला आजवर पटलेली नाही. पद्धत माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात, बरीच वर्षं होती तशी: आधी गटसाखळी. तिथले वरचे संघ अपर ब्रॅकेटमध्ये, म्हणजे बादफेरीच्या वरच्या गटात, त्यांच्या खालचे लोअरमध्ये. अपरमध्ये सिरीज, म्हणजे काही गेमची एक लढत, हरलात तर लोअरला पडता, लोअरमध्ये हरलात की घरी. शेवटी दोन्हीकडच्या विजेत्यांची पाच गेमची फायनल, आणि तिथे दोघांची पाटी कोरी.

माझं भांडण त्या कोऱ्या पाटीशी आहे. 2021 घ्या. बुखारेस्ट, करोनामुळे स्टेडियम रिकामं. टीम स्पिरिट अपरच्या पहिल्याच फेरीत इन्व्हिक्टस गेमिंगकडून हरली, लोअरला पडली आणि तिथून चढत फायनलला आली. पीएसजी.एलजीडी मुख्य फेरीत तोवर एकही सिरीज हरली नव्हती. फायनल स्पिरिटने 3-2 ने जिंकली. म्हणजे दोघांनी एकेकच सिरीज गमावली, पण जो आधी हरला तो चॅम्पियन आणि जो शेवटी हरला तो रिकाम्या हाती.

त्या संध्याकाळी मित्राच्या खोलीवर आम्ही पाच जण होतो. रेंजसाठी मोबाईल खिडकीच्या गजाला सुतळीने बांधलेला, त्याच्या हॉटस्पॉटवर मॅच चाललेली. एलजीडीने 0-2 वरून 2-2 केलं. गेमआधी दोन्ही संघ पात्रं निवडतात आणि समोरच्याला नको ती बॅन करतात; पाचव्या गेममध्ये स्पिरिटच्या कोलॅप्स या खेळाडूला मॅग्नस हे पात्र मिळालं तेव्हा मित्र स्क्रीनकडे बघून ओरडला, "अरे, बॅन का नाही केला?" त्या रात्री तो जेवला नाही. अपरमधून आलेल्याला एक गेम आगाऊ द्या, एवढंच माझं म्हणणं आहे.

कराडचा गडी

भावा, तुझ्या मित्राचं दुःख समजतं, पण हे पटत नाही. आखाड्यात उतरताना कुणाच्या नावावर आधीच गुण मांडतात का? मागच्या फेरीत कोण कसा जिंकला ते मागच्या फेरीत राहिलं.

आणि अपरवाल्याला फायदा मिळतोच. स्पिरिट लोअरमध्ये पाच सिरीज खेळून फायनलला आली, एकही हरली असती तर तिथेच संपली असती. त्या सगळ्यांत तिचे डाव जगाला दिसले. एलजीडीने निवांत बसून ते पाहिले, अभ्यास केला. तरीही मॅग्नस मोकळा सोडला, तो त्यांचा निर्णय. त्याची भरपाई नियमाने का करायची?

विश्रामबागकर, सांगली

निवांत बसणं हा फायदाच आहे असं नाही. लोअरमधून येणारा संघ तापलेला असतो.

फायटिंग गेम्सच्या इव्हो स्पर्धेत बघ. तिथे लूजर्स ब्रॅकेटमधून आलेल्याला फायनलमध्ये दोनदा हरवावं लागतं, कारण समोरचा अजून एकदाही हरलेला नसतो. 'दोन हार म्हणजे बाहेर' हा नियम सगळ्यांना सारखा. डोटात पाच गेमच्या दोन सिरीज लावल्या तर पहाट होईल, हे मान्य. म्हणून तर मी एकच गेम मागतोय.

वस्ताद, सातारा

मी तालमीतला माणूस, डोटा पोरामुळे बघायला लागलो. मला तर ही दुसरी संधीच पटत नाही. कुंडलच्या मैदानात पाठ टेकली की कुस्ती संपली. हरलेल्याला तासाभराने पुन्हा उभा करून गदा देत नाहीत. एक हार, एक निकाल. माणूस त्या भीतीनं तयारी करतो.

कृष्णाकाठ

वस्ताद, तुमचा मान राखून बोलतो. साक्षी मलिक 2016 ला रिओत उपांत्यपूर्व फेरीत हरली होती. तिला हरवणारी रशियाची पैलवान फायनलला गेली म्हणून साक्षीला रेपेचाज, म्हणजे हरलेल्यांसाठीची दुसरी संधी, मिळाला आणि ब्राँझ आलं. आणि गोळेश्वरचे आपले खाशाबा? 1952 ला हेलसिंकीत ते शेवटच्या टप्प्यात दोन कुस्त्या हरले, तरी ब्राँझ त्यांचंच, कारण तेव्हा उणे गुण मोजायचे, एका हारेत कुणी बाहेर जात नव्हतं. 'एक हार, एक निकाल' असता तर कराडला खाशाबांची मिरवणूक निघाली नसती.

वस्ताद, सातारा

खाशाबांचं नाव घेतलंत, मी एक पाऊल मागे येतो. पण नीट बघा, रेपेचाजमधून ब्राँझच मिळतं. सुवर्ण नाही. पडलेल्याला मान द्या, पण गादी देऊ नका. टीआय गादीच देते.

मिरजेचा सपोर्ट

मला वाटतं तुम्ही मोठा अन्याय सोडून धाकट्यावर भांडताय. कितीतरी वर्षं लोअरची पहिली फेरी एकाच गेमची होती. वर्षभर राबायचं, परदेशात जायचं, गटसाखळी खेळायची आणि 40 मिनिटांत बॅगा भरायच्या. मी सपोर्ट, म्हणजे संघाला मदत करणारा खेळाडू, म्हणून खेळतो, एका चुकीच्या वॉर्डने (नकाशावर नजर ठेवायला लावतात तो) गेम जातो हे मला ठाऊक आहे. तिथे निदान तीन गेम हवेत हे कुणी एवढ्या जोरानं का म्हणत नव्हतं?

बक्षिसाचंही तसंच. 2011 ला कोलोनमध्ये 16 लाख डॉलर होते, त्यातले 10 लाख विजेत्या नावी संघाला. 2013 पासून कंपेंडियमच्या (चाहत्यांनी गेममध्ये विकत घ्यायची डिजिटल पुस्तिका, पुढे तिचाच बॅटल पास झाला) विक्रीतला चौथा हिस्सा बक्षिसात पडायला लागला आणि 2021 ला रक्कम 4 कोटींवर गेली. यात्रेच्या कुस्तीला गाव वर्गणी काढतं तशी ही जगाची वर्गणी होती, फक्त पाऊण हिस्सा गेम बनवणाऱ्या कंपनीकडे राहायचा. 2023 ला बॅटल पास बंद झाला, बक्षीस 31 लाखांच्या आसपास आलं. मला त्याचं वाईट वाटलं. वर्गणी दिली की मैदान आपलं वाटतं.

कराडचा गडी

वर्गणीचा वेगळा विषय काढ, मी येतो. इथे मूळ मुद्द्यावर हिशेब मांडतो. लोअरमधून येऊन जिंकलेल्यांत 2012 ची आयजी (इन्व्हिक्टस गेमिंग), 2015 ची ईजी (इव्हिल जीनियसेस), 2017 ची लिक्विड आणि 2021 ची स्पिरिट हे संघ आहेत. पहिल्या दोघी 3-1 ने जिंकल्या, लिक्विड 3-0 ने. समोरच्याला एक गेम आगाऊ दिला असता तरी त्या तिघी जिंकल्याच असत्या. चौघींत निकाल फिरतो तो फक्त 2021 चा.

आणि 2018 आठव. ओजी हा संघ ओपन क्वालिफायरमधून, म्हणजे सगळ्यांना खुल्या पात्रता फेरीतून आलेला, फायनलला मात्र अपरमधून, समोर लोअरमधून आलेली हीच एलजीडी. पहिला गेम ओजीला, पुढचे दोन एलजीडीला, चौथा ओजीने हरता हरता काढला. तुझा नियम असता तर कप तिथेच दिला असता. पाचवा गेम झालाच नसता. तो तू पाहिला आहेस ना?

विश्रामबागकर, सांगली

पाहिलाय. पहाटे, आई उठायच्या आत, आवाज बंद करून. तो गेम नसता तर मलाही चुटपुट लागली असती, हे कबूल करतो.

हिशेबही बरोबर आहे. पण 2018 ला एलजीडी लोअरमधून आली आणि 2-3 ने हरली. 2021 ला अपरमधून आली, तेव्हाही 2-3. एलजीडीचा खेळाडू एमी दोन्ही फायनलला होता. त्याच्यासाठी दोन्ही वर्षं सारखीच, मधली तीन वर्षं सुधारून, अपर ब्रॅकेट जिंकूनसुद्धा. निकाल एकाच फायनलचा फिरत असेल तर फिरू दे. मी अजूनही एक गेम मागतो.