लशीतला लिपिड कण घ्यायचा नि त्यात पेप्टाइड भरायचं, झालं?

रसायनी:
कालच्या एका लेखात म्हटलंय की कोविड लशीचे लिपिड कण तयार आहेतच, त्यांत जीवाणूनाशक पेप्टाइड (प्रथिनाचा छोटा तुकडा) भरलं की कोलिस्टिनची, म्हणजे शेवटचा उपाय म्हणून राखलेल्या प्रतिजैविकाची, गरजच संपली. हे वाचून गप्प बसवत नाही. त्या कणाचं नेहमीचं सूत्र, म्हणजे आयनीकरणक्षम लिपिड, डीएसपीसी हे फॉस्फोलिपिड, कोलेस्टेरॉल, पेग-लिपिड ५०:१०:३८.५:१.५, हे ऋणभारित आरएनएसाठी बांधलंय. पीएच ४ला लिपिड धनभारित होतं आणि आरएनए धरतं. एलएल-३७ या मानवी जीवाणूनाशक पेप्टाइडवर निव्वळ भार +६, म्हणजे तेही धनभारितच. त्याला कोण धरणार? ते बफरमध्येच राहतं.

कल्चरप्लेट:
मग सूत्र बदला! डीपीपीजी हे ऋणभारित लिपिड मिसळा, नाहीतर ग्लिसरॉल मोनोओलिएट हे लिपिड आणि एफ-१२७ हा स्थिरक घेऊन क्यूबोसोम, म्हणजे आत जाळीदार रचना असलेले लिपिड कण, करा. एलएल-३७ मिठात नि रक्तद्रवात मंदावतं, प्रोटिएज, म्हणजे प्रथिनं तोडणारी विकरं, त्याचे तुकडे पाडतात. आवरण नको असेल तर दुसरा उपाय सांगा.

रसायनी:
आवरण नको असं मी कुठे म्हटलंय? डीपीपीजी जास्त झालं तर पेप्टाइड सुटत नाही, एमआयसी, म्हणजे जीवाणूंची वाढ थांबवायला लागणारी किमान मात्रा, उलट वाढते. कमी पडलं तर ते नुसतं पृष्ठभागावर बसतं आणि सलाईनमध्ये जाताच निघून येतं. शिवाय पेप्टाइडचं प्रमाण वाढवलं की ते आपलाच कण फोडतं, पटल फोडणं हेच त्याचं काम.

सूक्ष्म:
'९५ टक्के भरलं' हे आकडेच आधी तपासा. १० किलोडाल्टनच्या गाळणीतून फिरवायचं, खाली पेप्टाइड दिसलं नाही की सगळं कणात गेलं असं लिहायचं. अहो, ते गाळणीच्या पडद्याला चिकटलेलं असू शकतं! तेवढंच मोकळं पेप्टाइड त्याच गाळणीतून फिरवा, किती परत येतं ते एचपीएलसीवर (द्रव वर्णलेखन यंत्रावर) मोजा. एमआयसीच्या प्लेटचंही तेच. पॉलिस्टायरीन पेप्टाइड ओढून घेतं. पॉलिप्रॉपिलीन वापरा, सौम्यीकरण ०.०१ टक्के ॲसिटिक आम्ल आणि ०.२ टक्के बीएसएमध्ये (गाईच्या रक्तातल्या अल्ब्युमिनमध्ये) करा.

कल्चरप्लेट:
लिपिड कणांच्या चाचणीत बीएसए? अल्ब्युमिन मेदाम्लं बांधतं. गळती कणाची की अल्ब्युमिनमुळे, कसं ओळखाल? आणि कोलिस्टिनसाठी सीएलएसआय-युकास्ट या चाचणी-मानकं ठरवणाऱ्या संस्थांची शिफारस साध्या पॉलिस्टायरीनचीच आहे, वर काहीही न घालता.

सूक्ष्म:
ती शिफारस कोलिस्टिनचे आकडे सगळीकडे तुलना करण्यासारखे यावेत म्हणून. इथे काय होतं ते बघा: मोकळं पेप्टाइड प्लास्टिकला चिकटतं, कणातलं चिकटत नाही, आणि 'कणामुळे एमआयसी चौपट सुधारली' असं छापून येतं. ती सुधारणा प्लास्टिकची! आणि रिकामा कण कुठाय? कणाच्या लिपिडांत मोनोलॉरिन असेल तर ते स्वतःच ग्रॅम-धन जीवाणू मारतं.

कल्चरप्लेट:
बरं, प्लेटचं मानलं. दोन्ही नमुने पॉलिप्रॉपिलीनमध्ये, शेजारी रिकामा कण. बीएसए मात्र नाही म्हणजे नाही.

वॉर्डवाले:
प्लेटच्या नादात रुग्ण राहिला बाजूला. लिपोसोममधलं (लिपिडच्या पोकळ कणातलं) ॲमिकासिन हे प्रतिजैविक फुफ्फुसातल्या एमएसीसाठी, म्हणजे क्षयाच्या जीवाणूच्या जातभाईंच्या संसर्गासाठी, २०१८ साली अमेरिकेत मंजूर झालं. मॅक्रोफेज, म्हणजे जंतू गिळणाऱ्या रोगप्रतिकारक पेशी, कण गिळतात आणि जीवाणूही तिथेच दडलेले. तुम्ही ही जागाच सोडून बोलताय!

रसायनी:
मॅक्रोफेजपुरतं मान्य, नाइलाजानं. पण ॲमिकासिन ना प्रोटिएजनं तुटतं, ना लिपोसोम फोडतं. तो दाखला पेप्टाइडला लावायचा तर नेब्युलायझरच्या (औषधाचे तुषार करणाऱ्या यंत्राच्या) आधी आणि नंतर, दोन्ही वेळा कणाबाहेरचं पेप्टाइड मोजा. आणि तुलना मोकळ्या पेप्टाइडशी करा, नुसत्या सलाईनशी नको.