फॅमिली डॉक्टरांना घरी व्हिजिटला कधी बोलवावं?

पेठेतली सून

सासूबाई ८३ वर्षांच्या आहेत. दोन वर्षांपूर्वी पक्षाघात झाला, उजवी बाजू गेली, तेव्हापासून अंथरुणावरच. आम्ही सदाशिव पेठेत तिसऱ्या मजल्यावर राहतो. इमारत जुनी, लिफ्ट नाही. मागच्या आठवड्यात त्यांना बारीक ताप आला आणि नळीतून लघवी गढूळ यायला लागली. फॅमिली डॉक्टरांना फोन केला तर म्हणाले, "दवाखान्यात घेऊन या."

दवाखाना पाच मिनिटांच्या अंतरावर आहे. ह्यांनी आणि शेजारच्या दोन मुलांनी त्यांना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून, चादरीने बांधून खाली उतरवलं. दुसऱ्या वळणावर खुर्ची कलली तेव्हा त्या ज्या ओरडल्या, तो आवाज अजून कानातून जात नाही. तपासायला दहा मिनिटं लागली. मग तेच जिने परत वर.

जो माणूस स्वतःच्या पायांनी उंबरा ओलांडू शकत नाही, त्याच्या घरी जाणं हे फॅमिली डॉक्टरांचं कामच आहे असं माझं मत आहे. व्हिजिटची वेगळी फी आम्ही आनंदाने दिली असती. तुम्हाला काय वाटतं?

तालुक्याचा डॉक्टर

ताई, तुमच्या सासूबाईंचे हाल वाचून वाईट वाटलं. तरीही दुसरी बाजू मांडतो. मी सातारा जिल्ह्यात २४ वर्षं जनरल प्रॅक्टिस करतोय. एक व्हिजिट म्हणजे जाणं-येणं धरून पाऊण तास. तेवढ्या वेळात माझ्या बाकावरचे दहा-बारा पेशंट ताटकळतात, आणि त्यांत तापाने फणफणलेलं एखादं तान्हं मूलही असतं.

येणारे फोन कसले असतात तेही ऐका. "अशक्तपणा आलाय, घरी येऊन सलाइन लावा." "पाहुणे आलेत, निघता येत नाही." घरी सलाइन लावून मी निघून गेलो आणि मागे पेशंटला थंडी वाजून आली, तर जवळ कोण आहे? म्हणून मी नाहीच म्हणतो. शिवाय रात्री अनोळखी घरी एकट्याने जायचं. डॉक्टरांवरच्या हल्ल्यांसाठी महाराष्ट्राला २०१० साली वेगळा कायदा करावा लागला, तो काही उगाच नाही. माझी बायकोही डॉक्टर आहे. तिला मी रात्री एकटीला पाठवणार नाही.

डोंबिवलीकर

मी डॉक्टरांच्या बाजूने, पण कारण वेगळं आहे. तीन वर्षांपूर्वी पहाटे पाचला वडिलांच्या छातीत जडपणा आला, सगळं अंग घामाने भिजलं. आई म्हणाली, आपल्या डॉक्टरांना बोलव, ते तीस वर्षं ओळखतात. ते भले गृहस्थ झोपेतून उठून आले. पावणेसहा वाजले होते. बीपी बघितलं आणि म्हणाले, आत्ताच्या आत्ता हलवा. वडील वाचले, पण हृदयाचं पंपिंग कमी झालंय, आता एक जिना चढला की थांबावं लागतं. ती पाऊणएक तासाची वाट बघणं मी स्वतःला माफ करू शकलेलो नाही.

छातीत दुखणं, अचानक तोंड वाकडं होणं, बोबडी वळणं, हात लुळा पडणं, दम लागून वाक्य पूर्ण न होणं, शुद्ध हरपणं. यातल्या एकासाठीही व्हिजिटला बोलवू नका. पक्षाघातात गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्याआधी सीटी स्कॅन करून मेंदूत रक्तस्राव नाही ना, ते पाहावं लागतं. घरी हे शक्यच नाही. १०८ लावा. २०१४ पासून आपल्याकडे ही सेवा आहे, फुकट आहे, गाडीत डॉक्टर असतो.

पेठेतली सून

डोंबिवलीकर, तुमचं दुःख समजते. पण मी हार्ट अटॅकबद्दल विचारलंच नव्हतं. तातडीच्या वेळी डॉक्टरांची वाट बघू नये हे मान्यच. पण त्यावरून अंथरुणावरच्या म्हातारीलाही उचलून आणा, हे कसं ठरतं?

चिपळूणचा बंड्या

ताईंना पूर्ण पाठिंबा. आमच्या वाडीत डॉक्टर मोटारसायकलवरून येतात. गेल्या पावसाळ्यात आजीला सारखी चक्कर येत होती. दवाखान्यात दोनदा नेलं, दोन्ही वेळा बीपी कमी निघालं, कारण कळेना. तिसऱ्यांदा डॉक्टर घरी आले आणि म्हणाले, गोळ्यांचा डबा आणा. त्यात टेल्मिसार्टन, म्हणजे बीपी उतरवायची गोळी, दोन वेगवेगळ्या नावांनी निघाली, एक त्यांनी दिलेली, एक रत्नागिरीच्या डॉक्टरांनी. आजी दोन्ही इमानाने घेत होती. जाताना त्यांनी न्हाणीघरातली शेवाळलेली फरशीही दाखवली. हे दवाखान्यात बसून कुणाला दिसणार?

तालुक्याचा डॉक्टर

बंड्या, गोळ्यांचा डबा पिशवीत घालून दवाखान्यात आणता येतो. मी प्रत्येक म्हाताऱ्या पेशंटला तेच सांगतो. बाकी, साध्या गोष्टींसाठी व्हिडिओ कॉल आहे. मार्च २०२०च्या नियमावलीने त्याला मान्यताही दिली आहे. जखमेचा फोटो, तापाचे आकडे, साखरेचे आकडे पाठवा. अर्धं काम होतं.

नाशिकची लेक

उरलेल्या अर्ध्याबद्दल लिहिते. बाबांना कॅन्सर होता. पुढे उपचार नाहीत म्हटल्यावर शेवटचे चार महिने ते घरीच होते. आमचे डॉक्टर दर पंधरा दिवसांनी यायचे. वेदना किती, गोळ्या वाढवायच्या का, पाठीला फोड येतोय का, सगळं बघायचे. कूस दर दोन तासांनी कशी बदलायची, ते त्यांनीच आईला स्वतः करून दाखवलं. व्हिडिओवर ते आईला जमलं नसतं.

बाबा पहाटे तीनला गेले. डॉक्टर सकाळी आले, तपासलं आणि मृत्यूच्या कारणाचा दाखला, तो नमुना ४अ, लिहून दिला. दहा वाजेपर्यंत आम्ही स्मशानात होतो. त्याच गल्लीत दोन महिन्यांनी एक आजोबा झोपेतच गेले. त्यांना वर्षभर कुठल्याच डॉक्टरांनी पाहिलं नव्हतं, कारण त्यांना नेता येत नव्हतं आणि घरी कुणी येत नव्हतं. दाखला द्यायला कुणी तयार होईना. शेवटी त्यांना सरकारी रुग्णालयात न्यावं लागलं आणि घरची माणसं दुपारपर्यंत बाहेर उभी होती. जिवंतपणी व्हिजिट नाकारली की पुढे असं होतं.

तालुक्याचा डॉक्टर

इथे मी माघार घेतो. १९६९च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे शेवटच्या आजारात ज्याने उपचार केले त्या डॉक्टरने तो दाखला द्यायचा असतो, आणि तोही फी न घेता. न पाहिलेल्या माणसाचा दाखला मीसुद्धा देत नाही. त्यामुळे अंथरुणावरच्या पेशंटला अधूनमधून घरी जाऊन पाहिलंच पाहिजे, हे मान्य. माझे असे सहा पेशंट आहेत, मी जातो. माझा विरोध आहे तो "आत्ता या" म्हणण्याला. सकाळी नऊच्या आत फोन करा, ताप किती, लघवी किती, खाणं किती ते सांगा. दुपारी दवाखाना बंद करून जाता येतं.

ठाण्याची आई

आणि लहान मुलांचं काय? रात्री दोनला १०३ ताप असला तर आम्ही कुणाकडे बघायचं?

तालुक्याचा डॉक्टर

मूल उचलून आणता येतं, म्हणून त्याच्यासाठी व्हिजिट नको. वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल द्या. ताप उतरल्यावर खेळत असेल, पाणी पीत असेल तर सकाळी दाखवा. झटका आला, श्वास भराभर चालला, पिणं बंद झालं किंवा आठ तास शू झाली नाही, तर थेट हॉस्पिटल. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला तर सकाळचीही वाट बघू नका.

पेठेतली सून

काल आमच्या डॉक्टरांशी बोलले. नाशिकच्या ताईंचं लिखाण वाचून दाखवलं. महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी दुपारी दीडला, जेवायला घरी जाताना, वर चढून येईन म्हणाले. नळी बदलायला नर्सचा नंबरही दिला. मधेच ताप आला तर मात्र येण्याचं कबूल केलं नाही, "तेव्हाचं तेव्हा बघू" म्हणाले. ते मला अजूनही पटलेलं नाही. सासूबाईंना ताप गुरुवार बघून येत नाही.