मदत हवी आहे: एकाच इंजिनाची वापरलेली पॉवर कॅटमरान
नमस्कार. आम्ही सिॲटलजवळ राहतो आणि ॲस्पेन कंपनीची वापरलेली २८ फुटी कॅटमरान (शेजारी-शेजारी दोन हल, म्हणजे पाण्यात बसणारे दोन सांगाडे, असलेली बोट) घेण्याच्या विचारात आहोत. तिचे एकमेव डिझेल इंजिन उजव्या हलमध्ये असून, बोट एका बाजूला ओढली जाऊ नये म्हणून डावा हल मुद्दाम अरुंद ठेवलेला आहे. ही रचना मला मनापासून आवडली. काळजी वाटते ती ओंडक्यांची, कारण इथल्या प्युजेट साउंड या खाडीत ते अर्धवट बुडालेले तरंगत असतात आणि एखादा पंख्यावर (प्रोपेलरवर) आदळला, तर डिसेप्शन पास या अरुंद सामुद्रधुनीतल्या प्रवाहाच्या ओढीत हाताशी दुसरे इंजिन नसेल. काल बोट पाण्याबाहेर काढली तेव्हा पंख्याच्या एका पात्याची कड नखाएवढी दुमडलेली दिसली. शाफ्टही (पंखा फिरवणारा दांडा) वाकला आहे का, हे पाण्यावरच्या चाचणीत थरथरीवरून खात्रीने कळते, की तो मोजूनच पाहावा लागतो? अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर लिहावे.