घाबरलेल्या साक्षीदाराला पडदा आणि सोबत आपोआप मिळावी का?

गोदाकाठ
रामकुंडाजवळ फुलं विकणाऱ्या आमच्या शेजारच्या मावशींनी एक मारहाण डोळ्यांनी पाहिली. मागच्या महिन्यात साक्षीसाठी मी त्यांच्यासोबत गेलो होतो. कोर्टाचं नाव लिहीत नाही. बाहेरच्या बाकावर आरोपीचा भाऊ त्यांना खेटून बसला. शिवी नाही, धमकी नाही. "मावशी, चहा घ्या. पोरगी कॉलेजला बसनंच जाते ना?" एवढंच. पुकारा झाला तेव्हा मावशींना स्वतःचं नाव धड सांगता येईना. त्यात आरोपीचे वकील दुसऱ्या कोर्टात अडकलेले, म्हणून पुढची तारीख. त्या रात्री त्या जेवल्या नाहीत. वेगळी खोली, आरोपी समोर दिसू नये म्हणून पडदा, सोबतीला माणूस हे सगळं न मागता मिळायला हवं, असं माझं मत आहे.

फौजदारी वकील
मी आरोपींच्या बाजूनं उभा राहतो. बाकावर घडलं ते चूकच, साक्षीदाराला धमकावणं हा गुन्हा आहे. पण 'न मागता' याला माझा विरोध. पुरावा आरोपीसमक्ष नोंदवायचा हा नियम त्याच्या बचावासाठी आहे. सरसकट पडदे लावले तर निकालाआधीच तो माणूस भयंकर ठरतो. सर्वोच्च न्यायालयानं ५ डिसेंबर २०१८ रोजी महेंदर चावला खटल्यात साक्षीदार संरक्षण योजना मंजूर केली आहेच. पोलीस धोक्याचा अहवाल देतात, जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालची समिती निर्णय घेते. आधी पडताळणी, मग संरक्षण, हा क्रम बरोबर आहे.

इंदिरानगरची आई
पडद्यानं बचाव बुडत नाही. पोक्सोचं, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याचं, कलम ३६ बघा. साक्ष देताना मूल आरोपीसमोर येता कामा नये, पण आरोपीला जबाब ऐकू आला पाहिजे आणि वकिलाशी बोलता आलं पाहिजे. वकिलांचे प्रश्नही मुलाला न्यायाधीशच विचारतात. जानेवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं असुरक्षित साक्षीदाराची व्याख्या रुंदावली, त्यात जिवाला धोका असलेले मोठेही आले. मग मावशींनाच उघड्यावर का बसवायचं?

फौजदारी वकील
मुलांबद्दल वाद नाही. मोठ्या माणसाचा उलटतपास मात्र चेहरा बघून होतो. साक्षीदार कुठे घुटमळला हे न्यायाधीशांना दिसलं पाहिजे. खोट्या साक्षीनं अडकलेली माणसं मी पाहिली आहेत.

गोदाकाठ
घुटमळणं दिसेल हो, कशानं घुटमळली ते दिसेल का? मावशी अडखळल्या त्या चहामुळे. तुम्ही त्याला खोटेपणा म्हणाल आणि त्या फितूर ठरतील.

निफाडकर
साक्षीसाठी तीन खेपा घातल्या, द्राक्षाची छाटणी सोडून. बसायचं कुठं हेसुद्धा कुणी सांगितलं नाही. ही योजना मला आज इथं कळली. समन्सवर चार ओळी छापायला काय हरकत?

फौजदारी वकील
काहीच नाही, छापाव्यातच. पडद्याबद्दल मत तेच: अर्ज येऊ द्या.

गोदाकाठ
मावशींना लिहिता येत नाही. मी लिहून देतो. कुणाकडे द्यायचा?

फौजदारी वकील
समितीकडे, सदस्य सचिवांमार्फत. जिल्ह्यातल्या सरकारी वकिलांच्या विभागाचे प्रमुख हेच सदस्य सचिव असतात. पोलीस अहवालाला पाच कामाचे दिवस आहेत. तोवर तात्पुरतं संरक्षण मागता येतं, तेही त्यातच लिहा. चहा आणि पोरीची बस, दोन्ही तारखेसह, शब्दाला शब्द.